ड्रम मशीन ताल सोडतं? नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी हे तपासा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन-अडीच महिन्यांवर आली की माझा फोन जास्त वाजायला लागतो. कुणाला घरच्या आरत्या रेकॉर्ड करायच्या असतात, कुणाला भजन स्पर्धेच्या सरावासाठी ठेका हवा असतो, कुणाला मुलीचं गाणं पाठवायचं असतं. फोन पेडण्याहून असो की काणकोणाहून, तक्रार तीच: "मशीन उशिरा येता रे." आणि तिच्या शेपटाला बांधलेला प्रश्न: "दुसरं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

मी दिवसा फोंड्यात शाळेत गणित शिकवतो, संध्याकाळी भजनात तबल्यावर बसतो, आणि उरल्या वेळात लोकांच्या लॅपटॉपमधला ताल ठिकाणावर आणून देतो. हा एकच बिघाड इतक्यांदा बघितलाय की आता उत्तर लिहूनच ठेवलेलं बरं. ड्रमचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बिचारं अचूक मोजत असतं. त्याचा आवाज तुमच्या कानापर्यंत येताना किंवा तुमचा आवाज फाइलपर्यंत जाताना वाटेत अडतो. वाट तीच राहिली तर दहा सॉफ्टवेअरं बदला, दहाही उशिराच येतील.

आधी लक्षण ओळखा

"ताल सोडतं" या दोन शब्दांत पाच-सहा वेगळे आजार लपलेले असतात. तुमचा कुठला ते बघा:

- पॅड किंवा की दाबली की ठोका जरा थांबून ऐकू येतो.
- वाजवताना सगळं ठीक वाटतं, पण परत ऐकलं की गाणं किंवा गिटार ड्रमच्या मागे पडलेली असते. पहिल्या ओळीत जेवढी मागे, शेवटच्या ओळीतही तेवढीच.
- सुरुवात जुळलेली असते, पण तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत फरक वाढत जातो.
- दर आवर्तनाला सम (पहिली मात्रा) निसटते, किंवा लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या ठेक्याच्या तुकड्याच्या, सांध्यावर गचका बसतो.
- मध्येच कडकड होते, ठोका गिळला जातो.
- ठेका लावला की गाण्याचा सूरच उतरलेला किंवा चढलेला वाटतो.

यातलं दुसरं आणि तिसरं लोक हमखास एकत्र करतात. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: अंतर सारखं आहे की वाढतंय? कळत नसेल तर ड्रमचा ट्रॅक आणि तुमचा ट्रॅक एकाखाली एक ठेवून पहिल्या समेला झूम करा, मग शेवटच्या समेला. दोन्हीकडे तेवढंच अंतर असेल तर दोष उशिराचा, म्हणजे लेटन्सीचा. शेवटी जास्त असेल तर दोष मोजणीचा: बीपीएम (मिनिटाला किती मात्रा), सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) किंवा दोन वेगळी घड्याळं. दोन मिनिटांची ही तपासणी केली की खालच्या निम्म्या पायऱ्या तुम्हाला सोडून देता येतील.

ब्लूटूथ

हसू नका. सावईवेऱ्याच्या एका बुवांनी माझ्याकडे येईपर्यंत तीन ड्रम सॉफ्टवेअरं बदलली होती, त्यातलं एक विकतचं. गळ्यात ब्लूटूथचा पट्टा होता. तो काढून दीडशे रुपयांचा तारेचा हेडफोन लावला आणि तिन्ही सॉफ्टवेअरं तालात आली.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक केला जातो, हवेतून पाठवला जातो, पलीकडे उलगडला जातो. त्यात १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात, कधी त्याहून जास्त. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रा १२५ची. तुमच्या कानात ठेका पाव मात्रा उशिरा येतोय आणि तुम्ही इमानेइतबारे त्या उशिरा आलेल्या ठेक्याबरोबर गाताय. नुसतं ऐकायला ब्लूटूथ चालतो, वाजवायला किंवा गायला नाही. ब्लूटूथ स्पीकरलाही हेच लागू.

एकच आवाज दोनदा ऐकू येतोय का

ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक-गिटार संगणकाला जोडणाऱ्या डबीवर, "डायरेक्ट मॉनिटर" नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर तुमचा आवाज थेट हेडफोनमध्ये येतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमध्येही मॉनिटरिंग चालू असेल तर तोच आवाज संगणकाची फेरी मारून पुन्हा येतो. दोन आवाजांच्या मधल्या फटीमुळे ठेका मागेपुढे झाल्याचा भास होतो. दोन्हींपैकी एक बंद करा. गाताना सॉफ्टवेअरमधलं बंद करणं सोयीचं. पॅड किंवा कीबोर्डवर ड्रम वाजवत असाल तर मात्र डायरेक्ट मॉनिटरचा उपयोग नाही, कारण तो आवाज मुळात संगणकातच तयार होतो.

मात्रा मोजा (इथे जरा थांबा)

हा बिघाड खास आपल्याकडचा आहे. परदेशी मार्गदर्शनात तो सापडत नाही, म्हणून लोक चकतात. मीही चकलो होतो.

१९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ या यंत्रावर १६ बटणांची एक ओळ होती. बटण पेटलं की त्या जागी ठोका. ही मांडणी इतकी रुजली की आजही बहुतेक ड्रम सॉफ्टवेअर उघडलं की समोर १६ खणांची पट्टी येते. केरवा आणि भजनी ठेका आठ-आठ मात्रांचे. एका मात्रेला दोन खण दिले की १६ खण बरोबर भरतात. त्यामुळे भजन करणाऱ्याला वर्षभर काही जाणवत नाही, आणि मग एक दिवस तो दादरा लावतो.

दादरा सहा मात्रांचा, म्हणजे १२ खण. उरलेले चार खण रिकामे राहतात आणि यंत्र तेही इमानाने मोजतं. तुमचा दादरा आठ मात्रांचा होतो, शेवटच्या दोन मात्रा मुक्या. रूपकाचं तर आणखी फसवं: सात मात्रांना १४ खण, उरले दोन, म्हणजे दर आवर्तनाला फक्त एक मात्रा जादा. एवढी बारीक चूक असते की "यंत्र अडखळतंय" असंच वाटतं. मी या अडखळण्याला कंटाळून एकदा चक्क नवी ड्रम लायब्ररी विकत घेतली. तीही तशीच अडखळली. रात्री अकरा वाजता बोटांवर मात्रा मोजायला बसलो तेव्हा उजेड पडला. तबलजीने आधी तेच करायला हवं होतं, हे बायकोने सकाळी सुनावलं.

उपाय फुकटचा आहे. पॅटर्नची लांबी बदलायची: दादऱ्याला १२, रूपकाला १४, झपतालाला २०. शिवाय रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम सिग्नेचरही (मात्रांची विभागणी) त्यानुसार ठेवा, नाहीतर क्लिकचा, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीचा, जोर भलत्याच मात्रेवर पडतो आणि गाणारा बिचकतो. दुलपदं, म्हणजे गोव्याची जलद लयीची कोंकणी गाणी, बसवणाऱ्यांनी ६/८ ठेवावं. रूपकात सम 'खाली'च्या, म्हणजे टाळी नसलेल्या, मात्रेवर असते, पण सॉफ्टवेअर पहिल्या मात्रेवर आपसूक मोठा ठोका देतं, तो हाताने कमी करा.

दुसरी गोष्ट क्वांटाइझची. ही सोय प्रत्येक ठोका ओढून जवळच्या रेघेवर बसवते. भजनी ठेका सरळ रेघेवर बसला की मेला. त्याला डोल लागतो. क्वांटाइझ शंभर टक्के असेल तर पन्नास-साठवर आणा, किंवा स्विंगचा आकडा थोडा वाढवा. ५० म्हणजे अगदी सरळ, ६६ म्हणजे मात्रा तिनात वाटल्यासारखा झोल. भजनाला मी ५४ ते ५८ च्या दरम्यान कुठेतरी थांबतो. कानाला विचारून ठरवा.

बीपीएमचा आकडा खरा आहे का

अंतर वाढत जात असेल तर इथे बघा. तयार लूपच्या नावात "९८ बीपीएम" लिहिलेलं असतं आणि आपण विश्वास ठेवतो. लूप स्वतः मोजा: मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. आठ मात्रांचा लूप ४.९ सेकंदांचा असेल तर ८ × ६० ÷ ४.९ = ९७.९६. सॉफ्टवेअरमध्ये ९८ ठेवलं तर फरक किती? पाच मिनिटांच्या गाण्यात साधारण १२५ मिलिसेकंद, म्हणजे मात्रेचा पाचवा भाग. आकडा अर्ध्याने चुकला, १२० च्या जागी १२०.५ पडलं, तर तीन मिनिटांत पाऊण सेकंद. दशांशातली बीपीएम भरता येते, तेवढी भरा.

जुनं रेकॉर्डिंग आणून त्याखाली ड्रम घालत असाल तर गणित मोडतंच, कारण माणसाने वाजवलेली लय एका आकड्यात राहत नाही. तिथे टेम्पो ट्रॅक करावा लागतो: दर काही आवर्तनांना समेवर खूण, आणि तिथली लय वेगळी. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला आडवाट नाही.

सँपल रेट

एक आकडा ४४१००, दुसरा ४८०००. मोबाइलच्या व्हिडिओतून काढलेला आवाज सहसा ४८००० चा असतो, सीडीवरचा ४४१०० चा. प्रोजेक्ट एका आकड्यावर आणि इंटरफेस दुसऱ्यावर राहिला, किंवा सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच उचलली, की ४८०००ची फाइल ४४१०० वर संथ चालते. तीन मिनिटांचं गाणं सोळा सेकंदांनी लांबतं आणि सूर जवळपास दीड स्वरस्थान खाली येतो: काळी दोनचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध लोंबकळतं. पेटीवर जुळतच नाही, म्हणून ओळखायला सोपं. प्रोजेक्ट, इंटरफेस आणि विंडोजची साऊंड सेटिंग, तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा, आणि ब्राउझर बंद करा. तो मागून कधी कधी आपलाच आकडा लादतो.

एमपीथ्री लूप

लूपच्या सांध्यावर गचका बसत असेल तर फाइलचं नाव बघा. एमपीथ्री करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. सुरुवातीची साधारण ११०० सँपल, म्हणजे २५ मिलिसेकंद. एकदा ऐकताना कळत नाही, पण लूप चाळीस वेळा फिरला की दर फेरीला तेवढी भर पडते. लूप नेहमी वेव्ह फाइलमध्ये घ्या. तसा मिळत नसेल तर कडेची शांतता हाताने कापा आणि लांबी वरच्या सूत्राने तपासा.

इथपर्यंत एक पैसा खर्च झालेला नाही. माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेचजण इथूनच घरी परततात.

ड्रायव्हर आणि बफर

पॅड दाबल्यावर ठोका उशिरा येतो, त्याचं मूळ बहुधा इथे.

संगणक आवाज थेंबाथेंबाने देत नाही, बादली भरून देतो. त्या बादलीचं नाव बफर. बादली मोठी असली की भरायला वेळ लागतो, म्हणून उशीर. लहान असली की उशीर कमी, पण प्रोसेसरला सारखी धावपळ, आणि धाप लागली की कडकड. हिशोब सोपा: बफर भागिले सँपल रेट. ४४१०० वर १२८ चा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. गाताना आवाज आत जातो आणि बाहेर येतो, म्हणून दुप्पट धरा, वर इंटरफेसचा थोडा स्वतःचा वेळ.

आकड्यांनी काही कळत नसेल तर अंतर डोळ्यांपुढे आणा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. ११.६ मिलिसेकंद म्हणजे देवळाच्या चौकात चार मीटरवर बसलेला पखवाजवाला. त्याच्याबरोबर आपण आरामात गातो. २३.२ दुप्पट केले की तो सोळा मीटरवर, दीपस्तंभाशी जाऊन बसला. आता त्याच्याबरोबर गाऊन दाखवा.

वाजवताना आणि गाताना १२८ किंवा २५६ ठेवा. सगळं रेकॉर्ड झालं, आता मिक्सिंग, मग १०२४ करा. तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि लॅपटॉपला श्वास मिळतो. हा आकडा एकदा ठरवून विसरायचा नसतो, कामाप्रमाणे बदलायचा असतो.

बफर कमी करूनही फरक पडत नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम, बघा. विंडोजमध्ये एमएमई किंवा डायरेक्टसाऊंड निवडलेलं असेल तर आवाज लांबच्या रस्त्याने जातो. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर उतरवून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. इंटरफेसच नसेल, लॅपटॉपचंच साऊंड कार्ड असेल, तर असिओ-फॉर-ऑल फुकट मिळतो. त्याला खऱ्या असिओ ड्रायव्हरची सर येत नाही, पण एमएमईपेक्षा कितीतरी बरा. मॅकवाल्यांना ही भानगड नाही.

मोबाइलवर ठेका लावून तो माइकसमोर धरणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. मोबाइलचं घड्याळ वेगळं, लॅपटॉपचं वेगळं, आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज बोनस. मोबाइलच्या ॲपमधून ठेक्याची वेव्ह फाइल बाहेर काढा आणि ती थेट प्रोजेक्टमध्ये ठेवा.

मास्टरवर काय लटकवलंय?

मास्टर ट्रॅकवरचा (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) लिमिटर, आवाज साफ करणारा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम), लिनियर फेज इक्वलायझर: हे सगळे पुढचं ऐकून मग काम करतात, म्हणून उशीर घालतात. परत ऐकताना सॉफ्टवेअर तो उशीर भरून काढतं, पण तुम्ही थेट वाजवत असता तेव्हा भरून काढू शकत नाही. न वाजलेला ठोका ते कुठून आणणार? रेकॉर्डिंग करताना मास्टर रिकामा ठेवा. झालं.

लॅपटॉप आणि आपली वीज

कडकड होत असेल, ठोके गिळले जात असतील तर आधी चार्जर लावा. पावसात वीज गेली की आपण बॅटरीवर काम पुढे रेटतो, आणि विंडोज बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतं. पॉवर मोड सर्वांत वरचा ठेवा. वाय-फाय बंद करा, अँटिव्हायरसची तपासणी आणि अपडेट थांबवा. तरीही कडकड राहिली तर लेटन्सीमॉन नावाची फुकट उपयुक्तिका दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर रस्ता अडवतोय त्याचं नाव ती सांगते. बहुतेकदा नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा निघतो.

इन्व्हर्टरवर असताना घरघर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. ती घरघर तालाची नाही, पण फोनवर लोक तीही "मशीनचा प्रॉब्लेम" म्हणून सांगतात.

उशीर मोजून भरून काढा

अंतर शेवटपर्यंत सारखं राहतंय आणि वरचं सगळं करून झालंय, तर आता मोजमाप. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक तार त्याच्याच इनपुटला लावा. इनपुटचा गेन आधी खाली ठेवा, फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) बंद, आणि सॉफ्टवेअर मॉनिटरिंगही बंद, नाहीतर आवाज गोल फिरत राहतो. तार नसेल तर हेडफोनचा एक कान माइकला चिकटवा. ड्रम सॉफ्टवेअरमधून साधा क्लिक वाजवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही क्लिकना झूम करा आणि दुसरा किती सँपल मागे आहे ते मोजा. तो आकडा सेटिंगमधल्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरायचा. ऑडॅसिटीत याला लेटन्सी कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि तिथे आधीपासून कुठलातरी सर्वसाधारण आकडा बसवलेला असतो. तो तुमच्या यंत्राचा नसतो. पुन्हा एकदा क्लिक रेकॉर्ड करून खात्री करा. अधिक-उणे चिन्ह उलट पडलं तर अंतर दुप्पट दिसेल. माझ्या हातून दर दोन वेळांत एकदा तसं होतंच.

हे एकदा केलं की इंटरफेस, ड्रायव्हर किंवा बफर बदलेपर्यंत पुन्हा करायला नको.

दोन घड्याळं

यूएसबी माइकने आवाज आत आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ठेका बाहेर, अशी जोडणी असेल तर दोन उपकरणांची दोन स्फटिक घड्याळं चालू असतात. ती तंतोतंत सारखी कधीच नसतात. दहा लाखांत पन्नासाचा फरक धरला तर तीन मिनिटांत ९ मिलिसेकंद, कळणार नाही. पण तासभराचं अखंड भजन रेकॉर्ड केलं तर १८०. बऱ्याच यूएसबी माइकना खाली स्वतःचा हेडफोन जॅक असतो. हेडफोन तिथे लावा, दोन्ही कामं एकाच घड्याळावर येतात.

खर्चाची पायरी

इथे पोहोचलात तर आधी यूएसबी तार बदला, मग हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. समुद्राजवळ राहत असाल तर पोर्टात डोकावून बघा. खाऱ्या दमट हवेने टोकं हिरवट होतात आणि जोडणी क्षणभर तुटते. इंटरफेस डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची सवय लावा. ड्रमचे आवाज जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलवा. गिळलेले ठोके परत येतात. त्यानंतर इंटरफेसचा खर्च.

सॉफ्टवेअर खरंच बदलायचं ते केव्हा

पॅटर्नची लांबी १६ शिवाय ठेवता येत नसेल, दशांशातली बीपीएम भरता येत नसेल, स्वतःचे आवाज आत घेता येत नसतील, किंवा वेव्ह फाइल बाहेर काढता येत नसेल, तर बदला. या चार गोष्टी मी बघतो, बाकी दिखाऊ.

फुकटात हायड्रोजन चांगलं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, पॅटर्नची लांबी बदलता येते, आणि आपले आवाज घालता येतात. मी त्यात घुमटाचे (मातीच्या घटाला कातडं ओढलेलं गोव्याचं वाद्य) नऊ ठोके आणि कासाळ्यांचे (मोठ्या झांजा) चार आवाज स्वतः रेकॉर्ड करून बसवलेत, कारण तयार संचात ते मिळत नाहीत. गळा रेकॉर्ड करायची सोय त्यात नाही. ठेका वेव्हमध्ये काढून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा. त्यासाठी रीपर आहे, ६० दिवस पूर्ण चालतं, मग ठरवा. एमटी पॉवर ड्रम किट हा फुकट प्लगइन रॉक बँडसाठी उत्तम, भजनासाठी बिनकामाचा. मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड आधीच हातात आहे, तेच वापरून बघा.

एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: काम जतन होतं, पण परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. एका मुलाची अख्खी रात्र यात गेली. आणि सुपीरियर ड्रमर ३ घेण्याआधी डिस्कवरची जागा बघा, त्याचे मूळ आवाज २३० जीबीच्या वर आहेत. नुसता तबला-तानपुरा सरावाला हवा असेल तर ड्रम सॉफ्टवेअरच्या नादी लागूच नका, आयतबलाप्रोसारखं ॲप किंवा तालमालेसारखी पेटी त्यासाठीच आहे.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

इंटरफेसला हात किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी सगळं बंद करा. जुन्या घरांत दोन पिनांचे सॉकेट असतात, अर्थिंग नसतं किंवा कुजलेलं असतं. चार्जर काढल्यावर घरघर थांबते का एवढं बघा, त्यापुढे इलेक्ट्रिशियन. घरघर घालवायला तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याला घरी पाठवा.

लॅपटॉपचा तळ फुगला असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर बॅटरी सुजली आहे. चार्जरला लावू नका, दाबू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. इंटरफेस स्वतः उघडू नका. ढग गडगडायला लागले की सगळ्या तारा काढून ठेवा. मे-जूनमध्ये जळालेले इंटरफेस मी पुष्कळ बघितलेत, आणि त्यांना माझ्याकडे औषध नाही.

लेटन्सीमॉनने नाव सांगितलं, ड्रायव्हर नवा घातला, तरी लाल पट्टी जात नाही? मग संगणकाच्या जाणकाराकडे जा. बायोसमध्ये अंदाजाने हात घालू नका. दोन संध्याकाळी गेल्या आणि अंतर तेवढंच राहिलं तर एखाद्या स्टुडिओत तासभर बसून तिथल्या माणसाला प्रोजेक्ट दाखवा. तो वीस मिनिटांत सांगेल.

आणि घुमट आरती असेल तर मला फोनच करू नका. ती संथ सुरू होते, हळूहळू चढते, शेवटच्या कडव्याला शामेळ (घुमटासोबतचं तालवाद्य) आणि कासाळे एकमेकांवर धावून जातात, आणि लय कुठे किती वाढणार ते गाणाऱ्याच्या श्वासावर ठरतं. मी टेम्पो ट्रॅकवर चाळीस खुणा घालून एकदा बघितलं. तालात होतं, पण कुणी डोललं नाही. त्यापेक्षा वाड्यावरच्या घुमटवाल्याला बोलवा, दोन माइक लावा आणि क्लिक बंद करा. फक्त त्याला आषाढातच सांगून ठेवा, श्रावण लागला की तो मिळत नाही.